घाटकोपरचे उन्नत मेट्रो स्थानक

मुंबईचे लोहमार्ग मुख्यतः दक्षिणोत्तर पसरलेले आहेत. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढे शहराची वाढही याच दिशेने होत गेली. पूर्व-पश्चिम प्रवासाची सोय मात्र मागे राहिली. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या नोकरदारास अंधेरीस जावयाचे, तर दादरला गाडी बदलावी किंवा घाटकोपरला उतरून बस अथवा रिक्षाची वाट पाहावी, असा क्रम असे. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हा वळसा टळला.

११.४ किलोमीटर लांबीच्या या मार्गावरील बाराही स्थानके उन्नत, म्हणजे रस्त्याच्या वर खांबांवर उभारलेली आहेत. दाट वस्तीत जमीन मिळणे कठीण आणि भुयार खोदणे फार खर्चाचे. तेव्हा रस्त्यावरील मोकळी जागा उपयोगात आणणे हाच व्यवहार्य उपाय होता. अशा स्थानकात सामान्यतः मधल्या मजल्यावर तिकीटघर, तपासणी व स्वयंचलित फाटके आणि वरच्या मजल्यावर फलाट असतात. घाटकोपरचे स्थानक मध्य रेल्वेच्या स्थानकाशी पुलाने जोडलेले असल्यामुळे लोकलमधून उतरलेल्या प्रवाशास रस्त्यावर यावे लागत नाही.

हीच सोय या स्थानकाची खरी कसोटी ठरली आहे. लोकल बारा डब्यांची, तर मेट्रो चार डब्यांची. सकाळी साकीनाका, मरोळ, चकाला येथील कचेऱ्यांकडे निघालेला एका लोकलचा लोंढा वर पोहोचतो न पोहोचतो तोच खाली दुसरी लोकल येते. मेट्रोची एखादी फेरी चुकली तरी रांग पुलापर्यंत मागे सरकते. सायंकाळी हाच ओघ उलटा वाहतो, आणि ती वेळ अधिक जोखमीची म्हटली पाहिजे. कारण मेट्रोतून उतरलेल्यांना रेल्वेच्या जुन्या, मर्यादित रुंदीच्या फलाटांवर सामावून घ्यावे लागते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एलफिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या पुलावर, पावसामुळे थांबून राहिलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा बळी गेला. तेथे मेट्रो नव्हती. पूल अपुरा होता.

स्थानकाची क्षमता गाड्यांवरून मोजण्याची प्रथा आहे. घाटकोपरसारख्या ठिकाणी ती जिन्यांच्या व पुलांच्या रुंदीवरूनही मोजावी लागते. मरोळ नाका येथे ऑक्टोबर २०२४ पासून प्रवासी याच उन्नत मार्गावरून भुयारी मेट्रोकडे वळू लागले आहेत.