मजुराचा रिकामा दिवस

मजूर ही बाजारांतील वस्तु कीं माणूस, असें विचारतांच कोणताहि मालक ‘माणूस’ असेंच उत्तर देईल. त्या उत्तराची परीक्षा मात्र कामाच्या दिवशीं होत नाहीं. ती रिकाम्या दिवशीं होते. कापसाची गांठ नको असेल त्या दिवशीं गिरणीवाला ती घेत नाहीं, आणि न घेतलेल्या गांठीला भूक लागत नाहीं. मजुराचें तसें नाहीं. काम थांबलें तरी त्याची चूल थांबत नाहीं.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं पहिली कापडगिरणी स्थापन केली. पुढें गिरण्या वाढल्या आणि त्यांच्याबरोबर ‘बदली’ कामगारांचा मोठा वर्गहि वाढला. कायमचा कामगार गैरहजर राहिला, तरच बदलीवाल्याला काम. तो रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभा राही. मुकादमानें निवडलें तर त्या दिवसाची मजुरी, नाहीं तर रिकाम्या हातांनीं परत. या निवडीसाठीं मुकादमाला पुष्कळदां दस्तुरी द्यावी लागे. १९३५ सालीं गिरणीमालकांच्या संघानें बदलीवाल्यांना कार्डें देण्याची पद्धति सुरू केली. मुकादमाच्या मर्जीला त्यामुळें कांहींसा आळा बसला. पण काम न मिळालेला दिवस बिनमजुरीचाच राहिला.

मजुराचें माणूसपण ओळखल्याचींहि उदाहरणें आहेत. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं मुंबईच्या गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. गांठ थकत नाहीं, माणूस थकतो, एवढें तरी त्यामुळें कबूल झालें. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्यें जमशेटजी टाटांनीं १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि आणि १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू केली. कायद्यानें अशी भरपाई मिळण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. यांत दया होती, तसाच कसबी कामगार टिकून राहावा हा हिशेबहि होता.

मंदींत मालकानें रिकाम्या दिवसाचा भार कोठून सोसावा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु मंदींतहि मालक यंत्राला तेल घालतो, इमारतीची डागडुजी करतो. कारण उद्यां तीं लागणार आहेत, हें तो जाणतो. मजूरहि उद्यां लागणारच असतो. १९५३ सालीं कायद्यानें ही गोष्ट मान्य केली आणि मोठ्या कारखान्यांतील वर्षभर काम केलेल्या कामगारांना, काम देतां न आल्यास, निम्मी मजुरी देवविली. बदलीवाल्याला मात्र सामान्यतः त्यांतून वगळलें.

मालक म्हणजे केवळ गिरणीवाला नव्हे. ज्या घरीं धुणींभांडीं करावयास बाई येते, तें घरहि मालकच आहे. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीं झाला. पण खाड्यांचा हिशेब अजून घरांतच होतो. घरची मंडळी महिनाभर परगांवीं जाते, तेव्हां बंद घराचें भाडें पुरें भरलें जातें आणि बाईचा पगार कापला जातो. परत आल्यावर घर आणि बाई दोन्ही जागच्या जागीं हवीं असतात. त्यांपैकीं पोट एकीलाच आहे.