पित्तनळीच्या ऑपरेशननंतर थंडी-ताप आला तर?

पित्तनळीचं ऑपरेशन होऊन महिना झालेला असतो. टाके सुकलेले असतात, बाई गोठ्यात वावरायला लागलेली असते. आणि एका संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. घरचे म्हणतात, "वारं लागलं असंल, सकाळपर्यंत उतरंल." इथंच घात होतो.

असं का होतं?

आपलं लिव्हर रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनळीतून आतड्यात जातं. ही नळी म्हणजे उसाच्या रानातला पाट समजा. पाणी वाहतं तोवर चांगलं, तुंबलं की कुजतं. नळीच्या तोंडाशी एक झडप असते, ती आतड्यातले जंतू वर जाऊ देत नाही. ऑपरेशनमध्ये कधी ही झडप कापावी लागते, कधी नळी थेट आतड्याला जोडतात, कधी आत स्टेंट म्हणजे बारीक नळी बसवतात. मग जंतूंना वर जायला वाट मिळते. त्यात खडा राहिला, नळी आकसली किंवा स्टेंट तुंबला, की जंतू वाढून रक्तात उतरतात. हे काही दिवसांत होतं, तसंच काही वर्षांनीही होऊ शकतं.

ही लक्षणं ओळखा

- थंडी वाजून ताप
- उजव्या बरगडीखाली दुखणं
- डोळे पिवळे, लघवी गडद
- टाक्यातून पू किंवा हिरवट-पिवळं पाणी

सगळी एकदम दिसतीलच असं नाही. नुसता थंडी-ताप आला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असं नाही. ती एकाएकी गळून जातात, काहीबाही बोलतात. शुगर असेल तर जास्तच जपा.

कावीळ उतरवत बसू नका

या कावीळीत पित्ताची वाट बंद झालेली असते. माळ घालून, नाकात रस पिळून ती मोकळी होत नाही. शिरेतून अँटिबायोटिक आणि बहुतेकदा दुर्बिणीतून नळी मोकळी करणं, हाच इलाज. उशीर झाला तर जिवावर बेततं.

घरी काय करायचं?

- डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, डॉक्टरांना आधी तेच दाखवा.
- स्टेंट बसवलाय का, तो कधी काढायचा, हे विचारून तारीख लिहून ठेवा. प्लास्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटतंय म्हणून विसरू नका.
- गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका.
- जखमेवर हळद, राख लावू नका.

पेशंट गळाला असेल तर १०८ ला फोन करा. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या.

आणि गाडीभाड्यासाठी कुणाची वाट अडू नये. गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी असतं. पुढच्या बैठकीत विचारा, आपल्यापैकी कुणाच्या घरी असं ऑपरेशन झालंय? स्टेंटची तारीख कधीची आहे?