हगादा, मराठी
हगादा, मराठी : वल्हांडण सणाच्या रात्री भोजनप्रसंगी बेने इस्राएल कुटुंबांत वाचावयाचा, कथा व भक्तिगीते असलेला हिब्रू-मराठी ग्रंथ. श्रीवर्धन तालुक्यातील दिघी बंदराच्या खाडीपलीकडे मुरुड, रेवदंडा, अलिबाग या पट्ट्यात या समाजाची जुनी वस्ती असून तेल गाळणे हा त्याचा पूर्वापार व्यवसाय होता. मराठी भाषांतरासह हगादा मुंबईत १८४६ मध्ये शिळाछापावर निघाला. पुण्याच्या १८७४ च्या सचित्र आवृत्तीत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. संग्राहकांना तिचे आकर्षण मुख्यतः यामुळेच. जुन्या प्रती दुर्मिळ आहेत. जीर्ण धर्मग्रंथ पुरण्याची ज्यू प्रथा आहे. शिवाय १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. संग्राहक कोऱ्या प्रती शोधतात. तथापि मनुकांच्या सरबताचे डाग पडलेली प्रतच तिच्या वापराची साक्ष देते.