आवाज लेट, माणूस नाही!

मीटिंगमध्ये शब्द अडकतात, गाणं मध्येच टक्-टक् करतं, सिनेमात ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो... लॅपटॉप पिशवीत घालून दुकान गाठण्याआधी घरच्या घरी दोष पकडा. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकरांसाठी खास!

"हॅलो, ऐकू येतंय का?... हां, तुम्ही बोला... नाही नाही, तुम्हीच बोला..." मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि घराघरांत ऑफिस आलं, तेव्हापासून हा डायलॉग आपल्या सगळ्यांचा पाठ झालाय. लोकल पुन्हा सुरू झाल्या, ऑफिसंही भरली. तरी बऱ्याच जणांकडे आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस घरून काम करण्याची सोय उरली आहे. आणि हा दिवस आपल्यासाठी सोन्याचा आहे, मंडळी! मी बदलापूरला राहते. इथून सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास तरी गाडीत जातात, तेही बसायला मिळालं तर नशीब. घरून काम म्हणजे हे तीन तास आपल्या खिशात.

पण ही सोय टिकते कशावर? तर समोरच्याला आपलं बोलणं नीट ऐकू जाण्यावर. अंबरनाथच्या माझ्या एका मैत्रिणीला तिच्या मॅनेजरने सरळ सुनावलं, "तू मीटिंगमध्ये लक्ष देत नाहीस. प्रश्न विचारला की थांबून उत्तर देतेस, मध्येच दुसऱ्याचं बोलणं तोडतेस." बिचारी कान टवकारून बसलेली असायची! लेट होता तो आवाज, ती नव्हे.

हा अनुभव तिचा एकटीचा नाही. काट्रिन शोएनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याच विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवरच्या संभाषणात मुद्दाम उशीर घातला, अगदी १.२ सेकंदांपर्यंत. निष्कर्ष मजेशीर आणि थोडा भीतीदायक आहे. उशीर लाईनमुळे होतोय हे लोकांच्या लक्षात येत नाही. ते खापर समोरच्या माणसावर फोडतात. याचं लक्ष नाही, हा जरा तुटकच आहे, असं त्यांना वाटतं. म्हणजे लॅपटॉपचा दोष आपल्या अप्रेझलला चिकटू शकतो. आहे की नाही गंमत?

लेट की कॅन्सल?

आवाजाचे आजार दोन. एक म्हणजे उशीर, दुसरा म्हणजे तुटणं. लोकलच्या भाषेत सांगायचं तर गाडी लेट आणि गाडी कॅन्सल.

लॅपटॉप आवाज एका लांबलचक धारेत पाठवत नाही, छोट्या छोट्या गाड्यांनी पाठवतो. व्हिडिओच्या आवाजात सेकंदाला ४८,००० नमुने असतात (सीडीवर ४४,१००). विंडोज साधारण १० मिलिसेकंदांचा माल एका खेपेला भरतं, म्हणजे ४८० नमुने. आधीची खेप संपायच्या आत पुढची पोहोचली पाहिजे. नाही पोहोचली की स्पीकर रिकामा राहतो आणि आपल्याला टक् असं ऐकू येतं. यावर उपाय म्हणून काही खेपा आधीच फलाटावर उभ्या करून ठेवतात. त्यालाच म्हणायचं बफर. बफर मोठा ठेवला तर आवाज तुटत नाही, पण उशिरा पोहोचतो. छोटा ठेवला तर वेळेवर येतो, पण जरा काही बिनसलं की तुटतो. म्हणून गाण्याला मोठा बफर चालतो, मीटिंगला नाही.

किती उशीर चालतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने याचे आकडे दिले आहेत. चित्रापेक्षा आवाज साधारण १२५ मिलिसेकंद मागे पडला की प्रेक्षकाला जाणवतं. आवाज पुढे धावत असेल तर ४५ मिलिसेकंदांतच कळतं. असं का? निसर्गात आवाज दृश्याच्या मागूनच येतो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर होतो. त्यामुळे मागून येणाऱ्या आवाजाची आपल्याला सवय असते. दोघांच्या संभाषणात मात्र एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर फारसा खटकत नाही. त्यापुढे "तुम्ही बोला, तुम्ही बोला" सुरू होतं.

दहा मिनिटांची चाचणी

सेटिंगला हात लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. जागा तीनच आहेत: लॅपटॉप, हेडफोन आणि नेट. त्या एकेक करून वेगळ्या करायच्या.

पहिली पायरी. एखादं गाणं लॅपटॉपमध्ये सेव्ह करा. एअरप्लेन मोड चालू करून वाय-फाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद करा आणि गाणं वायरवाल्या इअरफोनवर ऐका. इथेही अडकतंय? मग दोष लॅपटॉपच्या पोटात आहे.

दुसरी पायरी. फक्त ब्लूटूथ चालू करा, वाय-फाय बंदच ठेवा. तेच गाणं आणि सेव्ह केलेली एखादी व्हिडिओ क्लिप लावा. आता अडकलं किंवा ओठ आणि शब्द जुळेनासे झाले, तर हेडफोनकडे बघा.

तिसरी पायरी. ब्लूटूथ बंद, वायरवाला इअरफोन लावलेला आणि वाय-फाय चालू. आधी तेच सेव्ह केलेलं गाणं ऐका. ते ठीक वाजतंय, पण ऑनलाईन मीटिंग तुटतेय? मग नेट. सेव्ह केलेलं गाणंच वाय-फाय चालू करताच अडखळायला लागलं, तर वाय-फायच्या ड्रायव्हरवर संशय घ्या. ते पुढे येईलच.

हवेतली गर्दी

माझी मैत्रीण दुसऱ्या पायरीला अडकली आणि तिसऱ्या पायरीलाही. म्हणजे दोन दोष एकावर एक!

आधी ब्लूटूथ. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दाबून, पाठवून, पुन्हा उलगडण्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. २०० मिलिसेकंदांत आवाज हवेतून सुमारे ६८ मीटर जातो. म्हणजे तीन डबे पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीने मारलेली हाक! सिनेमाचे बरेच प्लेअर चित्र तेवढंच मागे ठेवून सांभाळून घेतात. व्हीएलसीमध्ये तर 'जे' आणि 'के' ही बटणं दाबून आवाज ५०-५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे करता येतो. शब्द मागून येत असतील तर 'जे' दाबा. पण मीटिंग ही जिवंत गोष्ट, तिथे ही चलाखी चालत नाही. तिथे वायरवाला इअरफोनच राजा.

आणखी एक. मीटिंग सुरू झाली की ब्लूटूथचा आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा होतो ना? हेडफोन बिघडलेला नसतो. त्याचा माईक चालू झाला की नेहमीचं ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाजाचा दर्जा खाली येतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माईक म्हणून लॅपटॉपचा माईक निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. फरक लगेच कळेल.

आता वाय-फाय. आपल्याकडच्या सात मजली बिल्डिंगमध्ये नेटवर्कची यादी उघडा, पंचवीस-तीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनल फक्त तीन: १, ६ आणि ११. बहुतेक ब्लूटूथही याच पट्ट्यात, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात. भरीस भर म्हणजे यूएसबी ३ ला लावलेली हार्ड डिस्कसुद्धा याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच ते मोजून दाखवलं होतं. सकाळी सात बावन्नच्या लेडीज डब्यात बोलायचा प्रयत्न करून बघा, तशी अवस्था! उपाय सोपा आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झवाला असेल तर लॅपटॉप त्यावर जोडा. हार्ड डिस्क आणि ब्लूटूथचा डोंगल वेगवेगळ्या बाजूंना लावा. शक्य असेल तर मीटिंगपुरती लॅनची केबल वापरा.

आणि "माझं नेट शंभर एमबीपीएसचं आहे" या भ्रमात राहू नका. आवाजाला त्यातला कणभरच लागतो. त्याला वेगापेक्षा नियमितपणा हवा. दर पाच मिनिटांनी एक गाडी येणं चांगलं, की अर्धा तास काही नाही आणि मग पाठोपाठ सहा? तुम्हीच सांगा!

मेल जाऊ द्या, लोकल थांबवा

पहिल्याच पायरीला गाणं अडकलं तर? आपला नेहमीचा अनुभव आठवा. मागून मेल येतेय म्हणून लोकल थांबवून ठेवतात. लॅपटॉपमध्येही तसंच होतं. वाय-फाय, ग्राफिक्स, बॅटरी यांचे ड्रायव्हर 'आधी मी' म्हणत प्रोसेसर अडवून बसतात. काही मिलिसेकंदांचीच गोष्ट, पण तेवढ्यात आवाजाची खेप चुकते. कोणता ड्रायव्हर अडवतोय ते पकडायला विंडोजवर 'लेटन्सीमॉन' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. दहा मिनिटं चालू ठेवा, ते गुन्हेगाराचं नाव सांगतं. मग त्या भागाचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत साईटवरून घ्या. त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल, तर डिव्हाईस मॅनेजरमधून आधीचा ड्रायव्हर परत आणा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वगैरे जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हेही ध्यानात असू द्या.

सोबत दोन सेटिंग बघा. साऊंडच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ एन्हान्समेंट' बंद करा. आवाज सुंदर करण्याच्या नादात ते कधी कधी तोच अडवतं. आणि पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवा. बॅटरी वाचवताना प्रोसेसर डुलक्या काढतो.

पारा चढतो, प्रोसेसर बसतो

आता खास आमच्या बदलापूरचा आजार. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो. आपण घामाघूम होतो, तर लॅपटॉपचं काय होत असेल? प्रोसेसरचं तापमान शंभर अंशांच्या जवळ गेलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. त्यात पंख्याच्या जाळीत वर्षभराची धूळ, खाली मऊ गादी... मग आवाज तुटणारच. सकाळी दहाला सगळं छान आणि दुपारी तीनला टक्-टक् असेल, तर आधी उष्णतेवर संशय घ्या. लॅपटॉप गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा. वीस मिनिटांत आवाज सुधारला तर निदान पक्कं.

शेवटी उल्हासनगर!

एवढं करूनही नाहीच जमलं, तर आपलं उल्हासनगर आहेच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ ला या वस्तीचं उल्हासनगर झालं. छावणी गेली, तरी पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर' सांगतात. शून्यातून उभ्या राहिलेल्या या गावात वस्तू फेकून देण्याआधी दुरुस्त करून बघायची सवय आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे.

फक्त एक काळजी घ्या. लॅपटॉप दुकानांमधलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं, "ताई, फॉरमॅट मारावा लागेल." मी शांतपणे म्हणते, "दादा, आधी पंखा उघडून बघू या का?" धूळ काढणं आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदलणं, हे काम फॉरमॅटने होत नाही. इअरफोनची पिन हलवली की आवाज येतो-जातो? मग जॅक बदलायचा, विंडोज नाही. आणि चार्जर बदली घेत असाल तर त्यावरचा वॅटचा आकडा जुन्याशी जुळवा. ६५ वॅटच्या जागी ४५ चा लावला तर काही लॅपटॉप चार्ज होत राहतात, पण प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतात. आपण मात्र दोष देत बसतो स्पीकरला!

मीटिंगच्या पाच मिनिटं आधी

* लॅपटॉप रीस्टार्ट करा, नुसता झाकण बंद-उघड करून चालणार नाही.
* वायरवाला इअरफोन लावा, माईक कोणता निवडलाय ते तपासा.
* चार्जर लावा, पॉवर मोड बघा.
* डाऊनलोड, अपडेट, नको असलेले टॅब बंद करा.
* आवाज तुटायला लागला तर आधी आपला व्हिडिओ बंद करा.
* उशीर होतच असेल तर सुरुवातीलाच सांगून टाका, "माझ्याकडे आवाज एक सेकंद मागे आहे."

हे शेवटचं वाक्य सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे. दोष लाईनचा आहे हे कळलं, की समोरचा माणूस तो आपल्या नावावर टाकत नाही. लोकल लेट झाली तर आपण स्टेशनवरूनच ऑफिसला मेसेज टाकतो ना? मग आवाज लेट आहे हे सांगायला लाज कसली!