पत्ते, पेला आणि साखर

गेल्या वर्षी जून महिन्यात मुलीकडे इंग्लंडमध्ये लेस्टर येथे राहण्याचा योग आला. एका संध्याकाळी जावई म्हणाले, "बाबा, चला, आज तुम्हाला इथले पत्ते दाखवतो." घराजवळच्या पबमध्ये दर बुधवारी पोकरची हौशी स्पर्धा भरते. तेथील २००५ च्या जुगारविषयक कायद्यानुसार पबमधल्या अशा खेळात माणशी ५ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाही. ते ५ पौंड भरले की खेळण्यापुरत्या चकत्या मिळतात. चकत्या संपल्या की खुर्ची सोडायची.

खेळ आपल्या तीन पत्तीचा लांबचा भाऊ. प्रत्येकाला दोन पाने झाकलेली, मग मध्ये सर्वांसाठी पाच उघडी, आणि त्या सातांतून आपला उत्तम पाच पानांचा डाव जुळवायचा. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच.

मी आठ वर्षांचा मधुमेही. सात वाजता नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. जेवण पबमध्येच घ्यायचे ठरले होते. जूनमध्ये तेथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. बाहेर ऊन दिसत होते, डाव रंगला होता, जेवणाची आठवण कोणाला! आठवण झाली तेव्हा स्वयंपाकघर बंद झाले होते. दरम्यान बिअरचे दोन पेले पोटात गेले होते.

तेवढ्यात माझ्या हाती दोन राण्या आल्या आणि मध्ये तिसरी उघडली. चकत्या पुढे सरकवताना हात थरथरत होता. समोरच्या म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिले आणि मुकाट्याने पाने टाकली. हात थरथरला म्हणजे पाने भारी, हा तेथील जाणत्यांचा आडाखा. मीही खूश झालो. पुढच्या डावाला मला सत्ती आणि दुर्री आली. त्या खेळात याहून वाईट पाने नाहीत. तरी हात थरथरतच होता आणि मानेवर घाम आला होता. तेव्हा कुठे माझ्यातला डॉक्टर जागा झाला.

साखर घसरू लागली की शरीर अॅड्रिनॅलिन सोडते. डाव रंगल्यावरही तेच सोडते. म्हणून थरथर, घाम, धडधड दोन्हीकडे सारखीच. एरवी उपाशीपोटी यकृत रक्तात साखर पुरवून तोल सांभाळते. पण मद्य पोटात असताना नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते. इकडे गोळी मात्र स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतच असते. साखर आणखी उतरली की मेंदूची उपासमार होते: बोलणे जड, चाल अडखळती, चिडचिड, मग गुंगी. वाचकहो, हे वर्णन दारू चढलेल्या माणसाचेच नाही का? आणि तोंडाला वासही येत असतो!

काही वर्षांपूर्वी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका गृहस्थांना बेशुद्धावस्थेत माझ्याकडे आणले. रात्री पत्त्यांच्या बैठकीत ते बरळू लागले, तेव्हा मित्रांनी 'जास्त झाली' म्हणून त्यांना गादीवर झोपवून पांघरूण घातले होते. मित्रांची माया खरी, पण शिरेतून ग्लुकोज देईपर्यंत त्यांना शुद्ध आली नाही. आणखी दोन तास गेले असते तर काय झाले असते, ते त्यांच्या पत्नीला मी सांगितले नाही.

पबमध्ये जावई धावत जाऊन कोला घेऊन आले, तोही साखरविरहित! मधुमेह्याला साखर कशी द्यायची, हा त्यांचा विचार. मी संत्र्याचा रस मागवला. पंधरा मिनिटांत हात स्थिर झाला. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी आणि मग पोळी किंवा भात खावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून थेट रुग्णालय गाठावे.

हा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना आहे. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असे होत नाही. रक्तदाबासाठी अॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येतो. मद्याचा परिणाम पहाटेपर्यंत रेंगाळतो, म्हणून त्या रात्री मी घरी जेवूनच झोपलो आणि तीनचा गजर लावून साखर तपासली. मुलगी दाराशी उभी होती. काही बोलली नाही.

स्पर्धेत एकोणीस जणांत माझा सातवा क्रमांक आला. त्या सत्ती-दुर्रीवरही म्हाताऱ्याने पुन्हा माझ्या हाताकडे बघून पाने टाकली होती.