घडी न पडलेली नोट

मी महाळुंगे पडवळचा, हुतात्मा बाबू गेनूंच्या गावचा. पतसंस्थेत कॅशियर होतो. हातून हजारो गड्ड्या गेल्या आणि जुन्या नोटा जमवायचा नाद लागला. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले, तेव्हा बाजारात पंचम जॉर्जच्या चित्राच्या नोटा चालत. आधी त्या इंग्लंडहून छापून येत. १९२८ पासून त्या नाशिकला छापल्या जाऊ लागल्या.

नाशिकच्या नोटा पुढे देशाबाहेरही गेल्या. १९४८ मध्ये पाकिस्तानने सुरुवातीला वापरल्या त्या नाशिकच्याच, फक्त वर 'गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान' हा जादा छाप. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी आणि हज यात्रेकरूंसाठी वेगळ्या नोटा काढल्या. आशियातल्या नोटा जमवणारे आज या नोटांच्या शोधात असतात.

पण नोट जुनी म्हणून मोलाची ठरत नाही. चालणारी नोट मळते, बँकेत परत येते आणि नष्ट केली जाते. त्यामुळे कोरी करकरीत राहिलेली दुर्मिळ. अमेरिकेतली पीएमजी संस्था सत्तर गुणांच्या पट्टीवर नोट जोखते. मधली एक घडी, दुमडलेला कोपरा, बोटाचा डाग, प्रत्येकाने गुण उतरतात आणि किंमतही. आपल्या नोटांना आणखी एक खूण असते, पिनेची भोकं. बँका गड्डीला पिना मारत. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला सांगितलं. म्हणून न वापरलेल्या जुन्या नोटेलाही भोकं सापडतात, आणि जाणकार ती समजून घेतात. पिनेचा गंज मात्र कागद खातो. आमच्याकडच्या पावसाळी ओलीत तो लवकर चढतो.

मला सर्वांत वाईट वाटतं ते नोट 'नीट' केलेली पाहून. इस्त्री केली की छपाईचा उठाव बसतो, धुतली की कागदाचा कडकपणा जातो. उजेडासमोर तिरकी धरली की दाबलेली घडी दिसतेच. लॅमिनेशन केलेली नोट तर संग्रहातून कायमची गेली.

तेव्हा घरच्या पेटीत जुनी नोट सापडली तर तिला हात लावण्याआधी हात धुऊन कोरडे करा. ती पॉलिएस्टरच्या पाकिटात सपाट ठेवा, ओल आणि उन्हापासून लांब. सही वाचा, चिंतामणराव देशमुखांची असेल, तर ती रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची, आपल्या रायगडच्या माणसाची. फोनवर लाखोंची किंमत सांगून आधी शुल्क मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात नसते, हे तिने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. विकायची की ठेवायची ते सावकाश ठरवा. पण नोट आहे तशीच राहू द्या.