नव्या बॅरलमागची फट

खडवलीसारख्या गावात मोटारपंप बिघडला की माणूस आधी पाना हातात घेतो, मिस्त्री नंतर आठवतो. रायफलीच्या बाबतीत ही सवय महागात पडेल. 1959च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्याला पुरत नाही. त्यामुळे झिजलेले बॅरल (नळी) बदलायचे ते परवानाधारक कारागिरानेच. तो करतो काय, ते मात्र समजून घेण्यासारखे आहे.

आपल्या पोलिसांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली .303 ली-एनफिल्ड घेऊ. 26 नोव्हेंबर 2008च्या हल्ल्याच्या रात्री मुंबईच्या सीएसटी स्थानकावर काही शिपायांच्या हाती हीच होती. तिचे बॅरल मागच्या पोलादी सांगाड्यात आट्यांनी घट्ट बसवलेले असते. कारागीर बॅरल शिकंज्यात धरून सांगाड्याला नेमका बसणारा पाना लावतो आणि जोर देतो. साधा पाना लावला तर सांगाडाच पिळवटायचा. नवे बॅरल चढवताना आणखी एक पंचाईत असते. आटे पूर्ण आवळले जातील त्याच क्षणी पुढची माशी सरळ वर आली पाहिजे. ती कलती राहिली तर नेम बाजूला जातो.

इथवर ताकदीचे काम झाले. खरी कसोटी लागते ती हेडस्पेसपाशी, म्हणजे बॅरलचे मागचे तोंड आणि ते मागून बंद करणारा बोल्ट यांच्यातल्या फटीपाशी. .303च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. ही कड बॅरलच्या मागच्या तोंडाला टेकते आणि तिच्या मागे बोल्ट बंद होतो. कड साधारण दीड मिलिमीटर जाड, म्हणून फट तिच्याहून किंचितच जास्त हवी. कमी पडली तर बोल्ट मिटत नाही. जास्त झाली तर बार उडताना पितळी कवचाचा पुढचा भाग नळीला चिकटतो, बूड मागे सरकते आणि मधले पितळ ताणले जाते. ते फाटले की तीन हजार वातावरणांहून अधिक दाबाचा वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब असतो दोन-अडीच वातावरणांचा!

ही फट डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दोन पोलादी गेज असतात. एकावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. चौथ्या क्रमांकाच्या एनफिल्डमध्ये कारखान्याने सोय छान केली होती: बोल्टचे डोके सुटे, 0 ते 3 अशा चढत्या मापांत. फट वाढली की मोठे डोके लावायचे, बॅरलला हात लावायचा नाही. रेमिंग्टन 700सारख्या रायफलीत अशी सोय नाही; तिथे लेथ आणि रीमरने काडतुसाचे घर हव्या त्या खोलीचे करावे लागते.

बॅरल बदलायची वेळ मात्र सगळ्या रायफलींवर सारखी येत नाही. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले त्या 50 मीटरच्या प्रकारात .22ची गोळी असते. तिची दारू थोडी आणि शिसे मऊ, म्हणून नळी फार सावकाश झिजते.

नवे बॅरल बसवून झाल्यावर कारागीर पहिल्या बारांची रिकामी कवचे उजेडात फिरवून पाहतो. बुडाच्या जरा वर चकाकती गोल रेघ दिसली तर पितळ ताणले गेले आहे, म्हणजे गेज पुन्हा काढायचे.